एकच नियमसंच, तीन कॅम्पेन: गर्प्स, सॅव्हेज वर्ल्ड्स, फेट की आणखी काही?

घाटमाथा

मंडळी, सल्ला हवाय.

आमचा पाच जणांचा कंपू आहे. तिघं पुण्यात, एक ठाण्यात, एक डब्लिनला. शनिवारी रात्री डिस्कॉर्डवर जमतो. आजवर मी डी अँड डी या रोलप्लेइंग खेळाची पाचवी आवृत्ती चालवत आलो (जीएम म्हणून मी गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं पात्र खेळतात). आता ड्रॅगन, एल्फ वगैरेचा सगळ्यांनाच कंटाळा आलाय.

डोक्यात तीन कॅम्पेन, म्हणजे बरेच दिवस चालणाऱ्या सलग गोष्टी, आहेत. पहिलं १६७० नंतरच्या सह्याद्रीतलं: हेर, वेषांतर, रात्रीचे कडे, किल्ल्याखालची मेटं (पहाऱ्याच्या चौक्या). कोंडाजी फर्जंदाने १६७३ मध्ये साठेक माणसांनिशी पन्हाळा घेतला, त्या जातीचं. दुसरं तळकोकणातल्या एका गावातलं भुताटकीचं, काळ १९८० च्या आसपासचा (मोबाइल नाहीत, जीएमची निम्मी डोकेदुखी कमी). तिसरं शंभर वर्षांनंतरच्या, अर्ध्या बुडालेल्या मुंबईतलं.

पाचवी आवृत्ती ताणून बसवायचा विचार केला, पण बसत नाही. पाचव्या लेव्हलच्या बऱ्यापैकी काटक फायटरला ४४ हिट पॉइंट (तेवढी इजा तो सोसतो) असतात. डीएमच्या (तिथे जीएमला डीएम म्हणतात) पुस्तकातली मस्केट एका गोळीच्या इजेसाठी बारा बाजूंचा एक फासा टाकायला देते. म्हणजे पहारेकऱ्याने बंदूक रोखली की खेळाडू म्हणणार, "मार." असे हेर काय कामाचे?

तीन कॅम्पेनना तीन वेगळे खेळ घेणं जमणार नाही. आमच्यातले दोघं नियम वाचतात, बाकीचे टेबलावर बघून बघून शिकतात. त्यांना एकदाच शिकवायचं आहे. म्हणून जेनेरिक, म्हणजे कुठल्याही काळाला चालणारी, सिस्टिम. कुठली घेऊ?

सोंगटी

वाचतेय. आमच्याकडे हाच वाद दिवाळीपासून चालू आहे आणि खेळ मात्र अजून सुरू नाही.

दोनशेसोळा

गर्प्स. पुढचं वाचायला वेळ असेल तर कारणं देतो.

स्टीव्ह जॅक्सन गेम्सने १९८६ मध्ये काढलेली सिस्टिम, चालू असलेली चौथी आवृत्ती २००४ ची. फासे साधे, सहा बाजूंचे तीन. लुडोच्या डब्यातले चालतात. तिघांची बेरीज तुमच्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली की काम झालं. संपूर्ण गाभा एवढाच.

तीन फाशांमुळे मधले आकडे जास्त येतात, आणि खरी गंमत तिथे आहे. कौशल्य १२ असेल तर ७४ टक्के वेळा जमतं. त्याच माणसाला वजा ४ ची अडचण लावा, लक्ष्य ८ वर येतं आणि शक्यता २६ टक्क्यांवर कोसळते. म्हणजे तयारी करून गेलेला माणूस आणि उगाच उडी मारणारा माणूस यांच्यातला फरक टेबलावर जाणवतो. हेरगिरीला आणखी काय पाहिजे? वीस बाजूंच्या एका फाशावर २० यायची शक्यता १० यायच्या शक्यतेइतकीच असते. तिथे तज्ज्ञही दर चार टप्प्यांवर तोंडावर आपटतो.

आता जखमा. सामान्य माणसाला १० हिट पॉइंट. सामान्य ताकदीच्या हाताने तलवारीचा वार बसला तर एक फासा अधिक १, आणि धारेचा वार म्हणून चिलखतातून आत गेलेली इजा दीडपट. दोन वारांत गडी आडवा. तुमचे हेर आपोआप लढाई टाळायला शिकतील.

वर प्रत्येक काळाला तंत्रज्ञानाची पातळी (टीएल) ठरवून दिलेली आहे. तुमचं सतरावं शतक म्हणजे टीएल ४. हत्यारं, औषधं, कुलपं सगळं त्यानुसार उघडतं. बुडालेल्या मुंबईला वरची पातळी लावा, नियम तेच.

आणि 'गर्प्स लाइट' ३२ पानांचं आहे, फुकट आहे. आधी तेवढंच वाचा.

भाकरवडी

दोनशेसोळा, ३२ पानं दाखवून माणसाला आत घेता आणि मग मूळ संचाचे दोन ठोकळे हातात देता, हे सांगा की!

गर्प्समध्ये पात्र बनवणं हाच एक खेळ आहे. गुण आणि कौशल्यं विकत घ्यायला दीडशे पॉइंट द्या आणि मजा बघा. ताकदीला पायरीमागे १०, चपळाईला २०, वेषांतर वेगळं कौशल्य, अभिनय वेगळं, पाठलाग वेगळं, लपणं वेगळं. नियम वाचणाऱ्या दोघांना स्वर्ग. उरलेल्यांची पात्रं शेवटी जीएमच बनवतो आणि त्यांना स्वतःच्या कागदावरचं निम्मं कळत नाही.

शिवाय लढाईतली एक पाळी म्हणजे एक सेकंद. एक! तोड्याची बंदूक पुन्हा भरेपर्यंत त्या खेळाडूने चहा करून आणावा.

दोनशेसोळा

भरायला वेळ लागतो म्हणूनच तेव्हा लोक गोळी झाडून तलवार उपसत. नियम तेच घडवून आणतो, तर बिघडलं काय?

बदामसत्ती

मी सॅव्हेज वर्ल्ड्स चालवते, त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच मान्य. पण सिस्टिमची नावं घेण्याआधी एक चाचणी सुचवते. एकच प्रसंग घ्या आणि तो प्रत्येक नियमसंचातून काढून बघा.

प्रसंग सगळ्यांना माहीत असलेला: हिरकणी. दंतकथा आहे हे धरून चालू. कोजागिरीची रात्र, रायगडाचा दरवाजा बंद झालाय, घरी तान्हं बाळ, समोर कडा.

गर्प्स विचारतं, चढाई-उतराईचं कौशल्य आहे का? शिकलेली नसेल तर चपळाई वजा ५. चपळाई १० धरली तर तीन फाशांवर ५ किंवा कमी हवेत. म्हणजे ४.६ टक्के. बाळाचं काय? 'सेन्स ऑफ ड्यूटी' म्हणून पात्र बनवताना त्याचे काही पॉइंट मिळाले असतील. कड्यावर फासे टाकताना बाळ कुठेच नाही.

सॅव्हेज वर्ल्ड्स विचारतं, अ‍ॅथलेटिक्सचा फासा कुठला? (कौशल्य वाढलं की फाशाच्या बाजू वाढतात.) समजा सहा बाजूंचा. नायक मंडळींना सोबत सहा बाजूंचा आणखी एक 'वाइल्ड डाय' मिळतो, दोनांतला चांगला घ्यायचा. लक्ष्य ४. चांदणं म्हणजे मंद उजेड, वजा २. म्हणजे खरं तर ६ हवेत, शक्यता ३० टक्क्यांच्या आसपास. पण हातात तीन बेनी असतात, त्या खर्चून फासे पुन्हा टाकता येतात. सगळ्या उधळल्या तर चारांत जवळपास तीन वेळा ती खाली पोचते. पोचते तेव्हा तिच्याकडे रात्रीसाठी काही शिल्लक नसतं.

फेट विचारतं, ती का उतरतेय? 'घरी तान्हं बाळ' हे तिची ओळख सांगणारं वाक्य, म्हणजे तिचा अ‍ॅस्पेक्ट. फेट पॉइंट द्या, अधिक २ घ्या. 'पायाखालची रोजची वाट' हा दुसरा, आणखी २. तरी कमी पडलं तर जीएम म्हणू शकतो, उतरलीस, पण जबर किंमत मोजून. बोल, काय गमावलंस?

कडा तोच, बाई तीच. पहिल्यात कथा आहे तयारीची, दुसऱ्यात हिमतीची, तिसऱ्यात तिच्या ओढीची. जेनेरिक म्हणवणारी सिस्टिम काळ कुठला, जागा कुठली याची पर्वा करत नाही. स्वभाव मात्र तिला असतोच, आणि तो तुमच्या तिन्ही कॅम्पेनमध्ये उतरणार. तेव्हा घाटमाथा, तलवारी आणि पाणबुड्या दोन्ही चालतील का हे बघू नका, त्या सगळीकडे चालतात. तुमच्या तिन्ही कथांत फाशांनी नक्की काय ठरवावं असं वाटतं, ते सांगा.

सोंगटी

+१. हे आमच्या कंपूच्या व्हॉट्सअ‍ॅपवर डकवतेय.

दोनशेसोळा

चाचणी छान, पण माझ्या पक्षकारावर अन्याय झालाय.

एक, डोंगरात वाढलेली गवळण चढाईत शून्य असेल असं कुठला जीएम म्हणेल? तिला १२ द्या. दोन, गर्प्समध्ये वेळ जास्त घेतला की फायदा मिळतो. दुप्पट वेळेला अधिक १, चौपटीला २, असं करत तीसपट वेळेला अधिक ५. रात्रभर आहे तिच्याकडे, चाचपडत उतरेल. मला तर हीच गोष्ट जास्त खरी वाटते. तीन, गर्प्सचे निम्मे नियम ऐच्छिक आहेत. सिनेमाछाप खेळायचं असेल तर तशी बटणं दिलेली आहेत. स्वभाव असतो हे मान्य, पण तो बदलता येतो.

आणि सॅव्हेज वर्ल्ड्सचं गणित काढलंच आहे तर पुढचंही सांगा. फाशावर सगळ्यात मोठा आकडा आला की तो पुन्हा टाकून बेरीज करायची, हा त्यांचा लाडका नियम. त्यामुळे ६ गाठायला चार बाजूंचा फासा सहा बाजूंच्यापेक्षा बरा पडतो. वाइल्ड डाय धरूनही ३२.३ टक्के विरुद्ध ३०.६. नवशिका तरबेज माणसाच्या पुढे! हा विरळा अपवादही नाही, कारण मंद उजेडाचे वजा २ लागले की लक्ष्य नेमकं ६ होतं. म्हणजे तुमच्या हेरांची प्रत्येक चांदणी रात्र.

बदामसत्ती

गणित बरोबर आहे, ते कुणी नाकारत नाही. पावणेदोन टक्क्यांचा फरक टेबलावर आजवर कुणाला दिसलेला नाही इतकंच. लक्ष्य ६ ऐवजी ४ किंवा ८ असलं की मोठा फासा पुन्हा पुढे जातो.

बटणांबद्दल: बटणं आहेत हे खरं, पण कुठली दाबायची हे कळायला आधी सगळं यंत्र समजून घ्यावं लागतं. घाटमाथाला ते जमेल. नियम न वाचणाऱ्या तिघांना?

लिफीकाठ

ए, डब्लिनचा म्हणजे मी. धागा काढलास ते सांगायचंस तरी!

माझं मत लिहून ठेवतो. मला फेट नको. इथल्या एका गटात खेळलोय. तिथे जीएम फेट पॉइंट पुढे सरकवून म्हणायचा, "तू तापट आहेस ना, मग दरबारातच तलवार उपस." माझ्या पात्राने काय करावं ते तो ठरवणार आणि वर मला बिदागी देणार. मला माझा गडी आतून खेळायचा असतो, बाहेर बसून लिहायचा नसतो.

निळी शाई

लिफीकाठ, तुमच्या जीएमने तुम्हाला अर्धाच नियम दाखवला. कम्पेल (जीएमने फेट पॉइंट देऊन घातलेली गळ) नाकारता येतो. फक्त नाकारताना आपल्याकडचा एक फेट पॉइंट द्यावा लागतो. आणि काय घडतं याबद्दल दोघांनी बोलून ठरवायचं असतं, हुकूम सोडायचा नसतो. तरीही तुमची मूळ तक्रार रास्त आहे. फेट खेळताना अर्धं मन लेखकाचं ठेवावं लागतं. काहींना ते प्रिय असतं, काहींचा रसभंग होतो. यात समजावून सांगण्यासारखं काही नाही, आवडीचा प्रश्न आहे.

कुणी घेतलं नाही म्हणून एक नाव मी घेते: बेसिक रोलप्लेइंग, म्हणजे बीआरपी. केऑसियम कंपनीचं. १९७८ च्या रूनक्वेस्टमधून गाभा काढून १९८० मध्ये छोटी पुस्तिका केली, आणि १९८१ चं कॉल ऑफ क्थुलू हे भयकथांचं रोलप्लेइंग त्याच गाभ्यावर उभं आहे. शंभर टक्क्यांचा हिशोब. 'लपणे ५५' असं कागदावर लिहिलंय, दहा बाजूंचे दोन फासे टाका, ५५ किंवा कमी आलं की जमलं. माझ्या सासूबाईंनाही एका वाक्यात समजलं होतं. जे कौशल्य वापरून यश मिळालं त्यापुढे खूण करायची आणि नंतर ते वाढतंय का बघायचं. वाढण्यासाठी मूळ टक्क्यांपेक्षा जास्त पडावे लागतात, म्हणून नवशिके भराभर शिकतात आणि मुरलेले हळूहळू. लेव्हल नाहीत. हिट पॉइंट बारा-तेराच्या आसपास सुरू होतात आणि तिथेच राहतात.

कोकणातल्या भुताटकीला याच्याइतकं चपखल दुसरं काही नाही. घाबरणं मोजायचे नियम क्थुलूमधले तयारच आहेत, ऐच्छिक म्हणून जोडता येतात.

आणखी एक मुद्दा, जो मराठीत खेळणाऱ्यांनी तरी बघावा: परवाना. घाटमाथा, नियम न वाचणाऱ्यांसाठी तुम्ही कधी ना कधी मराठीत चार पानांचा गोषवारा करणार आणि मग तो कुठेतरी टाकावासा वाटणार. फेटचे नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहेत, श्रेय देऊन खुशाल मराठी करा. बीआरपीची २०२३ ची आवृत्ती ओआरसी या खुल्या परवान्याखाली आली. डी अँड डीने त्याच वर्षी जानेवारीत जुना परवाना बदलायचा घाट घातला, खेळाडूंनी आकाशपाताळ एक केलं, आणि महिना संपायच्या आत ५.१ चा नियमसंदर्भ क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये टाकावा लागला. गर्प्सच्या बाबतीत ही मोकळीक नाही.

जुना खेळिया

इतकं सगळं कशाला? गोष्ट सांगा, अडलं की एक फासा टाका, ४ च्या वर आलं की जमलं. हाकानाका.

भाकरवडी

खेळिया, ते तुम्हाला जमतं कारण तुमचा जीएम चांगला आहे. नवख्या जीएमच्या हातात ते दिलं की तासाभरात "पण मगाशी तर चाललं होतं" सुरू होतं.

आणि घाटमाथाला उलटा प्रश्न. तिन्ही कॅम्पेन खरंच खेळणार आहात का? बहुतेक कंपूंचं पहिलंच कॅम्पेन मध्यावर अडतं. कुणाची बदली, कुणाचं लग्न, कुणाचं बाळ. तिसऱ्या कॅम्पेनच्या पाणबुड्यांसाठी आज सिस्टिम निवडणं म्हणजे मुलगी बघायच्या आधी बारशाचं नाव ठरवणं. पहिल्याला काय शोभतं ते घ्या.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार. भाकरवडी, वर्मावर बोट ठेवलंत.

बदामसत्ती, तुमच्या प्रश्नावर विचार केला. फाशांनी काय ठरवावं? पहिल्या कॅम्पेनमध्ये मला पाहिजे ते असं: बेत आखलेला आहे, बेत फसतो, आणि मग लोक काहीतरी अचाट करून सुटतात. बुडालेल्या मुंबईतही तेच. कोकणात मात्र अचाट काही नको. तिथे हळूहळू सगळं हातातून निसटायला हवं. म्हणजे दोन एका स्वभावाची आणि एक वेगळ्या, हे लिहिताना पहिल्यांदा स्पष्ट झालं.

एक शंका आहे. पन्हाळ्यासारखा प्रसंग, चार नायक आणि बरोबर पन्नास-साठ मावळे, हा गर्प्स आणि सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये कसा चालतो?

दोनशेसोळा

प्रामाणिकपणे सांगतो, गर्प्समध्ये सेकंदासेकंदाने साठ माणसं चालवू नका. रात्र संपेल, गड मिळणार नाही. मोठ्या लढाईला वेगळं पुरवणी पुस्तक आहे, पण तुमच्या गरजेला ते जड होईल.

बदामसत्ती

इथे सॅव्हेज वर्ल्ड्स घरच्या मैदानावर आहे. त्याचं मूळच छोट्या बाहुल्यांच्या युद्धखेळात आहे, २००३ मध्ये आलं तेच त्या मुशीतून. नायकांना तीन जखमा सोसतात, दर जखमेला वजा १. बाकीची माणसं एका जखमेत खाली. त्यामुळे मावळ्यांचा हिशोब ठेवावा लागत नाही, उभा आहे की पडलाय एवढंच. मावळे खेळाडूंमध्ये वाटून द्या, जो तो आपली तुकडी चालवेल. ज्यांना नियम नकोत त्यांनाही हे आवडतं, स्वानुभव आहे.

कुणाची पाळी आधी हे पत्त्यांवर ठरतं. दर फेरीला प्रत्येकाला एक पान, एक्का सर्वांत वर. खेळाडूला जोकर आला की त्या फेरीत त्याला अधिक २, आणि सगळ्या खेळाडूंना एकेक बेनी. टेबलावर जो आरडाओरडा होतो तो बघण्यासारखा असतो. डिस्कॉर्डवर खेळताय तर पत्त्यांसाठी फाउंड्री किंवा रोलट्वेंटी अशी ऑनलाइन टेबलं लावा, नाहीतर जीएमने कॅमेऱ्यासमोर पानं वाटायची.

दुखरी जागाही सांगते. फासे फुटत फुटत (मोठा आकडा आला की पुन्हा टाकून बेरीज वाढत) जातात, त्यामुळे एखाद्या किरकोळ पहारेकऱ्याचा भाला अचानक नायकाला खलास करू शकतो. अशा वेळी इजा झेलायला म्हणून एखादी बेनी राखून ठेवा हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर लिफीकाठांचा गडी पहिल्या मेटावरच संपेल आणि दोष मला येईल.

लिफीकाठ

आत्ताच राखून ठेवली.

निळी शाई

आणि कोकणाचं काय?

घाटमाथा

कोकण बीआरपीवर. टक्के समजवायला एक वाक्य पुरतं असं तुम्हीच म्हणालात, त्यामुळे 'एकदाच शिकवायचं' हा माझा हट्ट थोडा सैल करतोय. सॅव्हेज वर्ल्ड्सचं भयकथांचं पुरवणी पुस्तक आहे हे माहीत आहे, पण हातात बेनी असलेला माणूस कितपत घाबरणार?

पन्हाळ्याचं मात्र सॅव्हेज वर्ल्ड्सवर पक्कं. दोनशेसोळा, गर्प्स लाइट वाचतोय, जास्त वेळ घेतला की फायदा हा नियम सरळ उचलणार आहे.

दोनशेसोळा

उचला. त्याला आमच्यात धर्मांतराची पहिली पायरी म्हणतात.

सोंगटी

माझा एक व्यावहारिक प्रश्न. चार, आठ, दहा, बारा बाजूंचे फासे सगळ्यांकडे नसले तर? आमच्याकडे एकच संच आहे आणि तो मांजरीने सोफ्याखाली पाठवलाय.

बदामसत्ती

ऑनलाइन असाल तर डिस्कॉर्डचा बॉट फासे टाकतो. समोरासमोर बसणार असाल तर सात फाशांचा एक संच दोघांत पुरतो, वाइल्ड डायसाठी लुडोतला वेगळ्या रंगाचा घ्या. (फेटला तर नेहमीचे चार फासे पुरतात: १-२ म्हणजे उणे, ३-४ कोरे, ५-६ अधिक.)

घाटमाथा, पात्रं बनवायला बसाल तेव्हा एक लक्षात ठेवा. अ‍ॅथलेटिक्स, सामान्य ज्ञान, नोटिस (हेरणं), पर्सुएजन (मन वळवणं) आणि स्टेल्थ (लपणं) ही पाच कौशल्यं सगळ्यांना चार बाजूंच्या फाशाने फुकट मिळतात, आणि चढणं अ‍ॅथलेटिक्समध्येच येतं. म्हणजे कडा चढू शकत नाही असा हेर तुमच्या कंपूत असणारच नाही. वेषांतराला मात्र वेगळं कौशल्य नाही. आम्ही ते परफॉर्मन्सवर (सोंग वठवणं) टाकतो, आणि ते फुकटातलं नाही. निदान एकाला तरी घ्यायला लावा. नाहीतर फकिराच्या वेषात सगळे एकदम वेशीवर जातील आणि दुवा काय द्यायचा ते एकालाही येणार नाही.

लिफीकाठ

फकीर मी होणार. आधीच सांगून ठेवतोय.